दिलेली माहिती

साहेब, तुम्ही एका वाक्यात मोकळे झालात. 'रसायनांबाबतच्या अज्ञानामुळे सफाई कामगार महिलेचा मृत्यू.' अज्ञान! मेलेल्या बाईच्या माथी मारलंत आणि पुढच्या फाईलला हात घातलात.

तिचा नवरा तुमच्याच इमारतीत पंपावर. टाक्या, व्हॉल्व्ह, वॉशर यांतच त्याचं आयुष्य झिजलं. तुमचा तो शब्द त्याने अहवालात वाचला. संध्याकाळी घरी येऊन तो अकरावीतल्या मुलीसमोर मांडी घालून बसला.

"मला शिकव."

"काय?"

"आईने एकत्र ओतलेल्या त्या दोन बाटल्यांचं. अज्ञान म्हणजे नेमकं किती, बघू तरी."

मुलीने नाक पुसलं, पुस्तक ओढलं. वर्गात ती काही पहिली-बिहिली नव्हती, पण पायऱ्या गाळायची नाही.

"आधी दिलेली माहिती लिहायची. एका बाटलीत ब्लीच, दुसरीत ॲसिड. मग समीकरण संतुलित करायचं. डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे. मधल्यामध्ये गायब व्हायचे नाहीत."

"साहेबांच्या चौकशीला हा नियम नाही वाटतं."

"बाबा, लक्ष दे ना! ब्लीचचा एक रेणू, ॲसिडचे दोन. त्यातून मीठ, पाणी आणि क्लोरीनचा एक."

"मीठ आणि पाणी?"

"आणि क्लोरीन. विषारी गॅस."

पुढची पायरी मोलची. "रेणू एकेक मोजता येत नाहीत. म्हणून वजनावरून काढायचे."

"म्हणजे दुकानदार खिळे किलोवर देतो तसं."

"हां, तस्संच!" आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग त्याने भागायचं तिथे गुणलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई तुझ्याआधी शिकली असती." त्याने गुणाकार खोडून भागायला घेतलं.

मोलवरून गॅसचे लिटर निघाले. आता बाई जिथे मेली ती खोली. लांबी-रुंदी त्याला तोंडपाठ. तिथले पाइप त्यानेच बसवले होते.

"खिडकी?"

"ठोकून बंद केलेली. कबुतरं येतात म्हणून."

"मग दार उघडं धरू." तिने आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "बाबा, जुळत नाही. दार दोन पावलांवर. ठसका लागला की ती बाहेर पळणार. ती वाचायला पाहिजे."

ही एक गोष्ट त्याने पोरीपासून लपवली होती.

"दार बंद धर."

"का?"

"बाहेरून कडी होती."

सुपरवायझरची पद्धतच ती. बड्या पाहुण्यांची भेट असली की म्हणायचा, "दोन्ही बाटल्या ओत, डाग पटकन निघतात," आणि ओल्या फरशीवर कुणी पाय देऊ नये म्हणून बाहेरून कडी घालून जायचा. बाई आत असली तरी.

"तुला कसं माहीत?" पोरीचा आवाज फाटला.

"मीच काढली ना ती कडी. आत आई दाराला टेकून बसली होती."

चौकशीत त्याने हे सगळं सांगितलं होतं. साहेब, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुमचं शिक्षण किती?"

मुलीने 'दार उघडं' खोडून 'बंद' लिहिलं आणि गणित पुन्हा पहिल्या पायरीपासून सोडवलं. आता जुळलं. उत्तराखाली तिने रेघ मारली नाही.

"आईचं अज्ञान एका श्वासाचं होतं, बाबा," ती म्हणाली. "पुढचे सगळे श्वास कडीचे."

सकाळी त्याने स्क्रू काढून ती कडी तुमच्या टेबलावर आणून ठेवली.

"हे काय?" तुम्ही खेकसलात.

"दिलेली माहिती, साहेब. तुमच्याकडून लिहायची राहिली."

दुपारी त्याच्याकडून पंपाच्या किल्ल्या काढून घेतल्या. खाली उतरताना त्याला ते दार दिसलं. नवी कडी बसली होती, चकचकीत, बाहेरूनच. आत कुणीतरी फरशी घासत होतं.

साहेब, दार कुणी बंद केलं? उत्तर लिहा. सगळ्या पायऱ्यांसकट.