भुऱ्याच्या गाठीचं नाव

आमच्या भुऱ्याच्या जबड्यात गाठ निघाली आन् तांडापेठेतली अख्खी गल्ली कुजबुजाले लागली. "कुत्र्याले काय झालं वं रुख्मिणी? दाढ सुजली का?" मी म्हणो, "दाढ नाही, कॅन्सर आहे." की बाया तोंडाले पदर लावून मागं सरकत.

जनावरांच्या दवाखान्यात सांगितलं होतं, असल्याच गाठी पाहणारा मोठा डॉक्टर मुंबईहून येते, एकच दिवस. कुत्र्याले उपाशी आणा. म्हणून भुऱ्याले रातीपासून काही दिलं नाही. सकाळी भाकरीचं टोपलं हुंगून तो माह्याकडे असा पाहे का माहाच जीव तुटे. "पाहू नको मेल्या," मी म्हटलं, "मीबी उपाशीच आहो." जुन्या लुगड्याची घडी त्याले बसाले केली, तोंड बांधाले मऊ पट्टी फाडली.

तेवढ्यात माहे जेठ, माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, भैयाजी आले. "रिक्षावाल्याले दात दुखते म्हणून सांगजो. एकाचा दुसऱ्याले लागणारा रोग समजते लोक. नाव घेतलं त कोणी बसवत नाही."

झालं, माहं डोकंच फिरलं! माह्या मालकालेबी हाच रोग होता. धंतोलीच्या डॉक्टरनं भैयाजीले सांगितलं, भैयाजीनं कोणालेच नाही. मलेबी नाही. घरभर एकच, दाढ सुजली, दाढ सुजली. तो बिचारा खाटेवरून म्हणे, दाढ उतरली की हातमागावर नवा ताणा लावू. तो गेला, आन् मले रोगाचं नाव त्याच्या तेरवीच्या पंगतीत कळलं.

"भैयाजी," मी म्हटलं, "दाढ दाढ करत माणूस घालवला तुम्ही. कुत्रं नाही घालवू देत." जन्मात पहिल्यांदा जेठासमोर डोक्यावरचा पदर सावरला नाही.

बाबूलाल सायकलरिक्षा घेऊन दारात आला. "काय झालं याले, काकू?"

भैयाजी मागून मले डोळ्यानं खुणा करून राहिले होते.

"कॅन्सर!" मी गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं. "न्यायचं असन त ने, नाही त मी कडेवर नेईन. खोटं बोलून बसणार नाही."

बाबूलाल हँडल धरून उभाच राहिला. मले वाटलं, गेली रिक्षा, गेला डॉक्टर. मी भुऱ्याले उचललं.

बाबूलालनं गालात बोट घालून मले आतलं दाखवलं. जिभेच्या बाजूले पांढरा, खडबडीत फोड होता. "लय दिवस झाले, काकू. घरचे म्हणते गरमीनं तोंड आलं." "तुमचा तो डॉक्टर फक्त कुत्र्यायलेच पाहते का?"

मी भुऱ्याले सीटवर ठेवलं आन् भैयाजीले हाक मारली.

"बसा तुम्हीबी. धंतोलीचा तो डॉक्टर तुमच्या ओळखीचा आहे. भुऱ्याले दाखवलं की बाबूलालले तिथं न्यायचं. आन् यावेळी तो जे सांगन, ते याच्या तोंडावर सांगायचं. तुम्हीच सांगायचं."