रोटाचं दळण

"पाहुना घर उना म्हंजे त्याना हातले भांडास्नं पानी लागाले नको. समजनं का, दिपमाला?"

हे माझ्या सासूबाईंचं बोलणं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरी कुणी आलं की ते मला अजून तसंच ऐकू येतं, शेवटच्या 'समजनं का'सकट. त्यामुळे इल्झे आमच्या मेहरूणच्या घरी राहायला आली तेव्हा मी ते जरा जास्तच पाळलं.

इल्झे लाटव्हियाची, सोळा वर्षांची. एका क्लबच्या योजनेत आमचा तेजस वर्षभर ब्राझीलमधल्या एका कुटुंबात राहायला गेला, आणि त्याच योजनेत ही आमच्याकडे आली. तिच्या आईला मी व्हिडिओ कॉलवर, जमेल तशा इंग्रजीत, सांगितलं होतं, "लेकीसारखी ठेवीन." ती बाई हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

तसं ठेवण्यात मी काही कमी केलं नाही. तिनं चहाचा कप उचलला की मी तो हातातून काढून घ्यायचे. तिचे कपडे मी धुवायचे, इस्त्री मी करायचे, तिची गादीसुद्धा मीच आवरायचे. ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी, आणि तिच्यावर तूप. शेजारच्या रत्नाताई रोज वाटीत काहीतरी घेऊन यायच्या आणि ती खाताना समोर बसून बघायच्या. पोर "थँक्यू, थँक्यू" म्हणायची. मग हळूहळू तिचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि खोलीचं दार जास्त वेळ लोटलेलं राहायला लागलं.

श्रावण लागला आणि एके दिवशी क्लबचे हेमराजभाऊ आले. चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पोरीनं मेल केलाय. घर बदलून मिळेल का, विचारलंय."

"आमचं काही चुकलं का?"

"तसं काही लिहिलं नाही. लोक फार चांगले आहेत, पण मला इथं घरी असल्यासारखं वाटत नाही, एवढंच. धुळ्याला एक कुटुंब तयार आहे. सोमवारी येऊन घेऊन जातो तिला."

ते गेल्यावर मी देवासमोर बसले. जप चालू होता, पण डोळ्यांपुढं तिची आईच येत होती. त्या बाईला मी आता काय सांगू?

त्याच संध्याकाळी तेजसचा व्हिडिओ कॉल आला. मागं नळाचा आवाज, हातभर फेस. मुलगा भांडी घासत होता.

"तुला भांडी घासायला लावतात?" माझा आवाज कधी चढत नाही, तो चढला. "थांब, तुझ्या बाबांना सांगते. पाहुण्या पोराकडून असली कामं?"

"अगं आई, मीच मागून घेतली. आधी काही करूच देत नव्हते. हॉटेलात राहिल्यासारखं वाटायचं, पंखा लावायलाही परवानगी घ्यावीशी वाटायची. भांडी मिळाली त्या दिवशी मी फ्रीज उघडला, न विचारता."

मी फोन ठेवला. बाहेर इल्झेच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

सकाळी पोथी आटोपून मी ते दार वाजवलं. रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची श्रावणातली देवी, बसणार होती. भावाभावांत दरवर्षी एकेकाचा मान असतो, यंदाचा आमचा. त्याआधी घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुवून काढायचं असतं. मी अंगणात गोधड्यांचा ढीग टाकला आणि कपडे धुण्याची मोगरी तिच्या हातात दिली. मनात सासूबाईंची क्षमा मागितली.

"मी?" तिनं विचारलं.

"तू. आणि नीट धू, मी बघणार आहे."

दुपारपर्यंत ती डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली होती. हात लाल झाले होते. गोधडी पिळताना तिचं एक टोक माझ्याकडे, एक तिच्याकडे. तिनं असा पीळ घातला की मीच ओढली जाऊन पडले. रत्नाताई कुंपणावरून ओरडल्या, "अहो, पाहुणीला कशाला राबवता?" इल्झे आधी दचकली, मग मोठ्यानं हसली. या घरात तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. जेवताना तिनं आपलं ताट आपण घेतलं, भाकरी मागून घेतली, आणि ताट घासूनच उठली. मी हात आवरला. ते सोपं नव्हतं.

पण कठीण गोष्ट पुढंच होती. शुक्रवारी धुळ्याहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या, बेबाबाई. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. देवीचे नेम त्यांच्यासारखे कुणी पाळत नाही. मी रोटाचे गहू निवडायला घेतले. घरातल्यांच्या नावानं मुठी मोजून घेतलेल्या या गव्हांचा देवीसाठी रोट होतो, आणि तो आमच्यात घरच्यांनीच खायचा असतो. मी बसले तशी इल्झेही येऊन बसली आणि खडे वेचायला लागली.

"तिले उठाड आठून," अक्का दारातूनच म्हणाल्या. "रोटना गहू शेतस ते. बाहेरनी पोर हात लाई राहिनी, तुले दिसत नई का?"

"मीही चोपड्याहून बाहेरचीच आले होते, अक्का. पहिल्याच वर्षी गहू निवडायला बसवलं होतं मला."

"तुन्हं लगीन व्हयनं व्हतं. तिन्हं काय व्हयनं?"

"तिनं घरभराच्या गोधड्या धुतल्या."

"गोधड्या धुईसन कोनी घरनं व्हस का?"

"मग काय करून होतं, अक्का?"

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. इल्झे दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. शब्द कळले नसतील, पण कुणाबद्दल चाललंय ते कळायला शब्द लागत नाहीत. मी तिला खरं ते सांगितलं. रोट तुला खाता येणार नाही. माझी लेक असती आणि सासरी गेली असती, तर तिलाही आला नसता.

तिनं थोडा विचार केला. "करतं कोण?"

"आम्ही बाया."

"मग मी खात नाही. मी करते."

मी ते अक्कांना सांगितलं. अक्का इतक्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. "बठ्ठा जग खावाले पुढे, आनि हाई म्हनस करसू!" मग एकदम गंभीर झाल्या. "इचार तिले. सकायमा उजाडानं पहिले दयन लई जावानं. आंघोय करीसन, अनवाणी. तोंडमा पानीना थेंब नई. वाटमा कोनासंगे एक शबुद नई. करी का?"

मी एकेक अट इंग्रजीत सांगितली. प्रत्येकीला तिनं मान हलवली. शेवटी अक्कांच्या समोर उभी राहून, मी शिकवलं नव्हतं तरी, मराठीत म्हणाली, "हो. मी आणणार."

"काही कमीजास्त झालं तर ते माझ्या माथी," मी म्हटलं.

"ते तं शेच," अक्का म्हणाल्या, आणि गव्हाचं सूप तिच्याकडे सरकवलं.

संध्याकाळी हेमराजभाऊंचा फोन आला, सोमवारी किती वाजता येऊ म्हणून. मी काही बोलायच्या आत इल्झेनं हात पुढं केला. तिनं फोन कानाला लावला आणि इंग्रजीत म्हणाली, सोमवारी देवीला नदीवर पोहोचवायला जायचं आहे. मंगळवारी परत सगळं घर आवरायचं आहे. नंतरही न्यायला येऊ नका. मला इथं काम आहे.

तिनं फोन मला परत दिला आणि उरलेले गहू निवडायला बसली.

शनिवारी मी उठले तेव्हा मोरीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. अजून तांबडंही फुटलं नव्हतं. गिरणीवाल्या वनाभाऊंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, जातं धुवून ठेवा, पहिलं दळण आमचं. ती ओल्या केसांनी बाहेर आली, ओढणी कमरेला खोचली. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. मी डबा उचलायला वाकले, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. डबा दोन्ही हातांनी उचलला, डोक्यावर नीट बसवला, आणि फाटक न वाजवता उघडून अनवाणी पायांनी गिरणीच्या दिशेनं चालू लागली.