कपाटातली अकरा वर्षे

मी डाव्या पायाचा जुना बूट आहे, मित्रांनो. तळ सुटल्यामुळे मला आता उभे राहता येत नाही, म्हणून आडवा पडूनच माझी हकीकत सांगतो. उजवा बूट माझा जुळा भाऊ. तो शेजारीच पडला आहे, पण तो जन्मापासून अबोल. चालताना कुरकुर करायचा तो मीच.

डोंगर चढणाऱ्यांसाठी बूट बनवणाऱ्या एका कारखान्यात आमचा जन्म झाला. जाड चामडे कापले, साच्यावर ताणले, घोट्याभोवती कापूस भरलेली मऊ पट्टी शिवली. मग खालच्या साच्यात एक पातळ रसायन ओतले. ते उतू जाणाऱ्या दुधासारखे फुगून वर आले आणि पाहता पाहता घट्ट झाले. ती आमची गादी. चामडे आणि खालचा रबरी तळ यांच्या मधोमध ती बसते. बाहेरून तिची बोटभर कडा दिसते, बाकी सगळी आत. दगड पायाला टोचू नये आणि उतारावर गुडघ्याला हिसका बसू नये, ही तिची जबाबदारी. मला त्या गादीचा फार गर्व होता. नवा होतो ना!

आमच्या कारखान्यात एका माणसाचे काम जगावेगळे होते. नवे बूट घालून डोंगर चढायचा, उतरायचा आणि परत येऊन बुटाविषयी खरे काय ते सांगायचे. सगळे त्याला पारखी म्हणत. त्याने आम्हाला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा काही कौतुक वगैरे केले नाही. टाचेच्या गादीत अंगठा रुतवला, बूट मधोमध वाकवला आणि कानाशी धरून ऐकले.

"मऊ आहे की नाही?" मालकाने विचारले.

"पहिल्या दिवशी सगळेच मऊ असतात, मालक. नव्या पाहुण्यासारखे. दहाव्या दिवशी कळतं कोण कसा आहे ते."

"अहो, पण गिऱ्हाईक दुकानात चार पावलं चालतं आणि घेऊन टाकतं!"

"दुकानातून घरी जायला कुठलेही बूट चालतील. डोंगरावरून घरी यायला हे लागतात."

असा तो माणूस. दोन वर्षे त्याने आमची परीक्षा घेतली. उतारावर उभा राहून बोटे पुढे आपटतात का ते पाहिले. ओढ्यात तासभर उभे केले. पाठीवर दगडांची पिशवी घेऊन तो चालायचा, म्हणजे आमच्यावर दोन माणसांचा भार. त्याचा डावा पाय किंचित बाहेर पडत असे, त्यामुळे माझी टाच एका बाजूने जास्त झिजली. माझ्या आत त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला, टाचेची वाटी झाली. दोन वर्षांनी त्याने माझ्या नाडीला एक पुठ्ठ्याचे कार्ड बांधले. त्यावर लिहिले होते, 'आराम, पास. टिकाऊपणा, पास.' आणि नियम मोडून त्याने आम्हाला स्वतःसाठी ठेवून घेतले. मित्रांनो, त्या दिवशी मी हवेत होतो.

पण सुख फार दिवस पायात राहत नाही. एका संध्याकाळी तो कामावरून आला, दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि नाड्या सोडू लागला. उजवा बूट निघाला. मग त्याचा हात माझ्या नाडीवर आला आणि तिथेच थांबला. मी वाट पाहत राहिलो. त्याचे बोट गाठीत अडकलेले, आणि आतला पाय हळूहळू गार होत चाललेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. मला डॉक्टरांच्या आधी कळले होते, पण मी सांगणार कसा? बुटाला जीभ असते, तिचा बोलायला काही उपयोग नसतो.

मला त्याच्या पायातून काढले ते त्याच्या बायकोने. तिने आम्हाला पुसले, पॉलिश केले, सुती कापडात गुंडाळले आणि कपाटात त्याच्या शर्टांच्या खाली ठेवून दिले. पायातली वहाण पायातच बरी, असे लोक एकमेकांना टोचून म्हणतात. मला मात्र ते अगदी मनापासून पटते. शर्टांच्या शेजारी आमचे काय काम?

दर रविवारी ती आम्हाला बाहेर काढी. ब्रश मारी, चामड्याला तेल लावी, नाड्या धुऊन पुन्हा ओवी. "किती छान राहिलेत," असे म्हणे आणि परत ठेवून देई. तिच्या मायेत खोट नव्हती. पण आमच्या गादीला तेल नको होते, भार हवा होता. दाबली जावी, सुटावी, वारा खावा, पुन्हा दाबली जावी, एवढेच तिचे आयुष्य. कपाटातल्या कोंदट ओलीने ती आतून विरू लागली. पाचव्या वर्षी तिला बारीक चिरा गेल्या. आठव्या वर्षी ती खारी बिस्किटासारखी ठिसूळ झाली. बाहेरच्या कडेवर दर रविवारी काळे पॉलिश चढत होते, त्याखाली काही दिसत नव्हते. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. पारख्याने आमच्या हजार परीक्षा घेतल्या होत्या, पण कपाटात उभे राहण्याची परीक्षा त्याला सुचली नव्हती.

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी चालेल.

दुपारी चारच्या सुमारास घर रिकामे असे. बायको शिवणकामाच्या वर्गाला, त्यांची एकुलती लेक शाळेत. तेव्हा माझ्या आत पाय येई. आधी अंगठा त्याच्या खळग्यात बसे, मग टाच वाटीत उतरे, मग घोट्याभोवतीची पट्टी हळूच आवळली जाई. पाय गार असे, शेवटच्या संध्याकाळी होता तितकाच गार. मी शहारून जाई. थोडा वेळ तो नुसता उभा राही आणि मग निघून जाई. रविवारी कापड सोडले की मी किंचित बाहेरच्या बाजूला वळलेला असे, तो उभा राही तसा. बायको क्षणभर माझ्याकडे पाहत राही, मग मला सरळ करी. तिने याबद्दल कुणाला एक अक्षर सांगितले नाही. दर वेळी तो माझ्या टाचेवर भार देई आणि दर वेळी आतून बारीक चर्र असा आवाज येई. तो आवाज त्याला ऐकू येत असणारच. तो हाडाचा पारखी होता.

अशी अकरा वर्षे गेली. लेक मोठी झाली, बापासारखीच उंच, पायही तसेच लांब. ती त्याच कारखान्यात त्याच कामावर लागली. तिथे एक रीत आहे. नव्या पारख्याने डोंगराची धार पहिल्यांदा चढायची ती स्वतःच्या भरवशाच्या बुटात. धार म्हणजे पाऊलभर रुंदीची वाट, आणि दोन्ही बाजूंना खाली फक्त हवा.

"आई, मी बाबांचे बूट घालणार," लेक म्हणाली.

बायकोने कपाटाच्या दारावर हात ठेवला. मग म्हणाली, "त्यांना कुणी हात लावलेला नाही गं इतकी वर्षं."

"म्हणूनच तर! नव्यासारखे आहेत. आणि बाबांचं कार्ड आहे की त्याला. दोन्हीत पास."

जगाचे बूट वाकवून, दाबून, कानाशी लावून पाहणारी ती पोर. आम्हाला तिने नुसते पोटाशी धरले. अंगठा रुतवून पाहिले नाही. बापाचे अक्षर असताना बापाचे बूट तपासायचे, हे तिच्या मनातसुद्धा आले नाही. मी आतल्या आत ओरडत होतो म्हणा ना.

धार चढायच्या आदल्या दुपारी लेक सामान आणायला बाहेर गेली होती. चार वाजले होते. बायकोने आम्हाला काढले, खोलीच्या मधोमध ठेवले आणि बराच वेळ पाहत बसली. मग तिने चपला काढल्या आणि आपले इवलेसे पाय आमच्यात घातले. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यात ऊब आली. पण तो आत होताच, ती वेळ त्याचीच होती. त्याने बोटे आखडून तिला जागा करून दिली, एवढे मी शपथेवर सांगतो.

"मी जरा चालून बघते हं," ती म्हणाली. खोलीत कुणी नव्हते.

एक पाऊल. दुसरे. तिसऱ्याला तिला रडू फुटले. आणि चौथ्या पावलाला माझ्या टाचेवर केवढा तरी भार आला. ती बाई चिमणीएवढी, मित्रांनो. एवढा भार तिचा नव्हे. टाच बाहेरच्या बाजूने दाबली गेली, तो दाबायचा तशीच, आणि आतली गादी भुगा होऊन फरशीवर सांडली. माझ्या रबरी तळाने आ वासला. त्यानंतर तो पाय पुन्हा कधी आला नाही.

माझे मत विचाराल तर ती त्याची शेवटची परीक्षा होती आणि त्याने आम्हाला नापास केले. लेकीसाठी.

पण जिवंत माणसांची तऱ्हाच वेगळी. बायकोला वाटले, हे आपल्या हातून मोडले. नवऱ्याची एक लाडकी वस्तू राहिली होती, तीही आपल्या पायाखाली गेली. लेकीला तोंड कसे दाखवायचे? तिने भुगा झाडून घेतला, कागदात पुडी बांधली आणि उशीखाली लपवली. घरातली चिकटवायची ट्यूब आणली, माझ्या पोटात ओतली, तळ दाबून दोरीने बांधून ठेवला. लेक यायच्या आत दोरी सोडली. वरून पॉलिशचा हात फिरवला. मी पुन्हा नव्यासारखा दिसू लागलो. मला स्वतःची कधी इतकी भीती वाटली नव्हती.

पहाटे लेकीने मोज्यांच्या दोन जोडांवर आम्हाला चढवले. "आई, ढगावर चालल्यासारखं वाटतंय!" ती म्हणाली. पोरी, ढगावरच चालली आहेस, मी मनात म्हटले. आईने ओठ उघडले आणि मिटले. दार लागले. रस्ता सपाट होता म्हणून मी तग धरला. प्रत्येक पावलाला वाटे, आत्ता इथेच सुटू दे मला, इथे पडली तर नुसते ढोपर फुटेल. पण चिकटवलेली गोष्ट नको तिथे टिकते आणि नको तिथे सुटते. थांब्यावर डोंगराकडे जाणारी बस उभीच होती. लेकीने एक पाय पायरीवर ठेवला. तो पाय माझा होता.

"थांब! अगं, थांब!"

आई पळत येत होती. अनवाणी, केस सुटलेले, हातात कागदाची ती पुडी.

"काय झालं, आई? कुणाला काय झालं?"

"ते बूट काढ. मी घातले होते काल. मोडले माझ्या हातून, आणि मी चिकटवून ठेवले." तिला धाप लागली होती. "मला लाज वाटली गं. मी तुला तशीच धारेवर जाऊ दिली असती. लाजेपायी."

चालकाने भोंगा वाजवला. लेक रस्त्याच्या कडेला बसली, मला पायातून काढले आणि आता कुठे अंगठा रुतवला. अंगठा मुळापर्यंत आत गेला. मग तिने उजवा वाकवला. त्या बिचाऱ्याला तर आईने हातही लावला नव्हता. त्याचाही तळ सालीसारखा निघून आला आणि आत पिवळा भुगा होता. लेकीने तो भुगा तळहातावर घेतला. बस तिला सोडून निघून गेली.

"हे तुझ्या चार पावलांनी नाही झालं, आई," ती म्हणाली. "हे कधीचं झालं होतं. आपण दोघींनी आत बघितलंच नाही."

आई तिथेच रस्त्यावर बसली आणि मोठ्याने रडली. अकरा वर्षांत मी तिला असे रडताना ऐकले नव्हते. लेकीने मोज्यांचा एक जोड काढून आईच्या रक्ताळलेल्या पायांत घातला. मग त्या दोघी मोज्यांवरच घरी गेल्या, आम्हाला हातात घेऊन.

मित्रांनो, आता मी अंगणातल्या टोपलीत पडलो आहे. उद्या भंगारवाला येईल. माझी तक्रार नाही. तुमच्याही घरात कुणा गेलेल्या माणसाची वस्तू जपून ठेवलेली असेल. ती बाहेर काढा. घाला, वापरा, झिजू द्या तिला. चमक पाहून तिच्यावर विसंबू नका, आत अंगठा रुतवून पाहा. आणि तुमच्या हातून काही मोडले, तर चिकटवून गप्प बसू नका. कितीही लाज वाटली तरी सांगा. गाडी सुटायच्या आत सांगा.