वाकड्या मानेची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजणारा. नाक मुरडलेत ना? खुशाल मुरडा. दंडाची नोटीस घरी धाडणाऱ्याचे कौतुक कोण करणार! सध्या मी गोदामात सर्वांत खालच्या फळीवर पडून आहे. माझ्या पोटावर ‘सदोष’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही.

कारखान्यात माझी परीक्षा एका चष्मेवाल्या बाईंनी घेतली होती. त्या दोन दातांचा पोलादी नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटून थरथरता काटा माझ्यासमोर धरायच्या. ती थरथर किती वेगाची, हे त्यांना आधीच ठाऊक असे. मी नेमका तोच आकडा सांगितला, तेव्हा कुठे माझ्यावर शिक्का बसला. ‘दर वर्षी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तपासा,’ असे त्याखाली स्पष्ट लिहिले होते.

मग मला शाळेसमोरच्या खांबावर चढवले. तिथे वेगाची मर्यादा चाळीस होती. उधळत येणाऱ्या गाड्या मला पाहताच गोगलगाय होत. आता मुलांचा हात सोडताना छातीत धडधडत नाही, असे मुख्याध्यापिका म्हणाल्या, तेव्हा मी केवढा फुगलो होतो! डोक्यावर कबुतरे बसत, काचेवर धूळ साचे, पण मी इमानेइतबारे मोजत राहिलो.

एके दिवशी मागे सरकणाऱ्या कचरागाडीने खांबाला धडक दिली. दुरुस्तीवाला आला. त्याने अंदाजाने माझी मान फिरवली, तार आवळली आणि खाली उतरून वहीत ‘ठीक’ असे लिहिले. नादकाटा त्याच्या पिशवीतच राहिला होता, आणि त्यासाठी पुन्हा शिडी चढायचा त्याला कंटाळा आला. माझा हिशेब एका ठरावीक कोनावर बेतलेला होता; मान वाकडी बसल्याने तो बिघडला आणि चाळीसने जाणाऱ्या गाडीला मी चव्वेचाळीस म्हणू लागलो. मला त्याचा पत्ताही नव्हता.

लोक निमूटपणे दंड भरत राहिले. भांडायला जाणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असे त्यांना वाटे. भांडली ती एकटी मावशी. ती शाळेची बस चालवायची आणि मुले तिला मावशीच म्हणत. सोळा वर्षांत तिने कुणाचा साधा आरसा फोडला नव्हता. आता एका महिन्यात तिला माझ्या तीन नोटिसा गेल्या. तिसरी कायम झाली की परवाना जाणार, आणि परवान्याबरोबर बसही जाणार होती.

तिने वाहतूक कार्यालयात इतके खेटे घातले की शेवटी तिथले साहेब वैतागून माझ्या खांबाखाली आले. येताच म्हणाले, “बाई, माणूस खोटं बोलतो. यंत्र बोलत नाही.”

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! मी चुकत नाही, असे मी कधी म्हटले होते? मला न तपासता माझा देव करणारे हे कोण?

माझ्या खांबाखाली रस्त्यावर दोन-दोन मीटरवर पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या आहेत. मी अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो. गाडी किती पट्ट्या ओलांडून गेली ते पाहून माझा आकडा पडताळावा, एवढ्यासाठीच त्या पट्ट्या असतात. कार्यालयात मात्र सगळे गाडीचा नंबर तेवढा बघत. पट्ट्या मोजल्या त्या मावशीने.

“नोटिशीतला हा पहिला फोटो,” ती म्हणाली. “पुढचं चाक पहिल्या पट्टीवर आहे. हा अर्ध्या सेकंदानंतरचा. चव्वेचाळीसनं गेले असते तर चाक चौथ्या पट्टीच्या पुढं हवं होतं. ते दोन वीत अलीकडंच आहे, बघा.”

तिचा शिंपी नवरा सोबत आला होता. त्याने गळ्यातली टेप रस्त्यावर अंथरली आणि कापडावर करावी तशी खडूने खूण करत एकेक अंतर मोजून दाखवले. साहेबांनी स्वतः गुडघे टेकून दोनदा मोजले. तिन्ही नोटिसा त्यांनी तिथेच रद्द केल्या आणि माझ्याकडे बोट दाखवले. “हे धूड उद्याच काढून टाकतो.”

“काढू नका, साहेब,” मावशी म्हणाली. “इथं मुलं रस्ता ओलांडतात. त्याची मान सरळ करा फक्त.”

पण तिचे कोण ऐकतो? दुसऱ्याच दिवशी मला उतरवले. चोर सोडून संन्याशाला फाशी! शाळेसमोर गाड्या पुन्हा सुसाट सुटल्या आहेत, असे परवा तोच दुरुस्तीवाला इथे कुणाला तरी सांगत होता. ज्यांनी न विचारता दंड भरला, त्यांचे काय झाले, हा विषय मात्र कुणीच काढत नाही.

आणि म्हणे मी सदोष! मावशीला वाचवणारे ते दोन फोटो कुणी काढले होते? मीच माझ्याविरुद्ध साक्ष दिली, आणि ती खरी दिली. मित्रांनो, यंत्रावर विश्वास जरूर ठेवा, पण त्याला पुसा, तपासा, आणि शंका आली तर मावशीसारखे मोजायला बसा. त्याने माझा अपमान होत नाही. न तपासता मान डोलावता, त्याने होतो.

ही चिठ्ठी काढा. माझी मान सरळ करा आणि नादकाटा आणा. मी परीक्षेला तयार आहे.