साडेनऊ बाई

चौतीस वर्षं मी अकोल्यात भूगोल शिकवला, पण एकालाही दहापैकी दहा दिले नाहीत. पोरं मागून मला ‘साडेनऊ बाई’ म्हणायची. मला ते ऐकू यायचं आणि, खरं सांगते, आवडायचंही.

या मे महिन्यात अमेरिकेत शुगर लँडला अनीशकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे आले. सून आसावरी डॉक्टर. नात नैना सहावीत. त्या दिवशी शाळेनंतर नैनाला पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलं होतं. सकाळी निघताना आसावरीनं “आई, नक्की जमेल ना?” असं दोनदा विचारलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साठ-साठ पोरांचे वर्ग सांभाळलेत मी!

दुसऱ्या दिवशी नैनाची नेमकी भूगोलाचीच टेस्ट होती. मी वही घेऊन बसले.

“विकसित आणि विकसनशील देशांत फरक काय?”

“हॅझर्ड सेम असतो, आजी. वादळ, पूर, अर्थक्वेक. पण डेव्हलप्ड कंट्रीत लोक कमी मरतात, बिकॉज वॉर्निंग मिळते आणि ड्रिल केलेली असते.”

“आणि घरं?” मी भिंतीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. “ही तुमची विकसित भिंत? नुसता पुठ्ठा. आमच्या अकोल्यात भिंतीला एक खिळा ठोकायचा तर हात भरून येतो.”

“दॅट्स नॉट ऑन द टेस्ट,” नैना म्हणाली.

मी वहीत त्या प्रश्नापुढे लाल पेनानं साडेनऊ लिहिले.

तेवढ्यात माझा फोन कर्कश किंचाळायला लागला. नैनानं तो उचलून वाचला आणि तिचा चेहरा बदलला. “टॉर्नेडो वॉर्निंग. आपल्याच एरियात.” दुपारचे चार वाजले होते, पण बाहेर सगळं हिरवट, काळवंडलेलं दिसत होतं. मग अख्खं घर थरथरलं.

लातूरच्या भूकंपानंतर आमच्या शाळेत दर महिन्याला तालीम व्हायची. घंटा झाली की वर्ग सोडायचा आणि मोकळ्या मैदानात जायचं. ती तालीम माझ्या अंगात भिनलेली. मी नैनाचं मनगट धरलं आणि मागचं दार उघडून तिला हिरवळीकडे ओढायला लागले.

“बाहेर चल! हे पुठ्ठ्याचं घर डोक्यावर येईल!”

“नो, आजी! ते अर्थक्वेकला! टॉर्नेडोला आत जायचं, खिडकी नसलेल्या खोलीत!”

माझी पकड काही साधी नाही. पण तिनं दाराची चौकट धरली, पाय रोवले आणि हिसका देऊन हात सोडवला. मग शूज घातले, खुंटीवरचं सायकलचं हेल्मेट घेतलं आणि मला पाठीमागून ढकलत जिन्याखालच्या खोलीत नेलं. खिडकी नसलेली ती एकच खोली होती, आणि आसावरीनं तिथं देवघर मांडलेलं.

“बूट काढ, देव आहेत आत!” मी ओरडले. अशा वेळीही!

“आजी, बस खाली!” तिनं दार लावलं आणि हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं. मी ते काढून तिच्या डोक्यावर घातलं आणि तिला पोटाशी धरून वाकले. त्या दिवसातलं माझं तेवढं एकच उत्तर बरोबर आलं.

मग आवाज आला. घरातच पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा. समईचं तेल माझ्या साडीवर सांडलं. मला माझी भीती नव्हती. या पोरीला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू, एवढंच मनात होतं.

पाच मिनिटांनी सगळं शांत झालं. आम्ही जपून बाहेर आलो. कौलं थोडी उडाली होती, कुंपण आडवं झालं होतं, पण पुठ्ठ्याचं घर उभं होतं. मागच्या दाराशी मात्र शेजाऱ्यांच्या पोरांचा उड्या मारायचा भलामोठा लोखंडी ट्रॅम्पोलिन येऊन आदळला होता. मी तिला जिथं ओढत होते, बरोबर तिथं. त्याच्याखाली तुळशीच्या कुंडीचा चुरा झाला होता.

मी तिथंच जमिनीवर बसले.

फोन वाजला. आसावरी होती. “आई, नैना?”

“आहे गं. माझ्याजवळ आहे. खरचटलंसुद्धा नाही.”

ती रडायलाच लागली. “तुम्ही होतात म्हणून, आई…”

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. नैना माझ्याकडे बघत होती, तीही बोलली नसती. “मी नाही, आसावरी,” मी म्हटलं. “मी तिला बाहेर ओढत होते. तिनं मला आत नेलं.”

पलीकडून ती म्हणाली, “आई, तुम्हाला लागलं नाही ना कुठे?”

तेव्हा मला रडू फुटलं. छातीवरचा धोंडा उतरला आणि मी मोकळेपणानं, नाक शिंकरत रडले.

मग वही शोधली. लाल पेनानं साडेनऊ खोडले आणि दहा लिहिले.

नैनानं वाकून पाहिलं. “हाफ मार्क कुठून आला?”

“माझा कापला,” मी म्हटलं, “आणि ते हेल्मेट जरा वेळ राहू दे डोक्यावर.”