नील बेटावर धुरा कोणी फोडला

रोशनच्या बाबांना कुठेही न्या, त्यांचं एकच पालुपद: हे आपल्याकडं आहे. मला जग बघायची हौस आणि नशिबी हा माणूस! म्हणून २०११ साली पोर्ट ब्लेअरला नोकरीला असलेल्या रोशनने अंदमानला बोलावलं, तेव्हा निघण्याआधीच मी पैज लावली.

"तिथली एक तरी चीज आपल्याकडं नाही, असं तुमच्या तोंडून निघालं, तं दरसाल मले एक नवा मुलूख दाखवाचा."

"अन् नाही निघालं तं?"

"तं आपलं केशोरी गाव सोडून कुठी जायाचं नाव नाही घेनार."

हे खुशाल हसले.

पहिल्याच दिवशी समुद्र बघून मी हात जोडले. हे म्हणाले, "इटियाडोह धरन भरलं का असंच दिसते. त्याचं पानी पेता तरी येते." चुनखडीच्या गुहेत शिरलो, तर यांच्या मते आमच्याकडची कचारगडची गुहा मोठी. चिखलाचा ज्वालामुखी बघायला घाम गाळत चढलो, तर वर नुसता एक उंचवटा आणि त्यातून निघणारे बुडबुडे. यांनी कठड्यावरून वाकून मूठभर चिखल घेतला, बोटांत चोळला.

"धान रोवन्याले मस्त हाय. पन एवढ्याशात का रोवाव?"

रखवालदाराने शिट्टी फुंकली. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ आणि निळे-पिवळे मासे दिसले. मी भान हरपून बघत होते आणि हे म्हणत होते, "नवेगावबांधच्या तलावातल्या माश्याच्या रश्शाची चव याले येनार नाही." मला रडूच आलं.

शेवटच्या दिवशी नील बेट. तिथे समुद्राने खडक कोरून केलेली मोठी कमान आहे. पाणी उतरल्यावर तिच्यापर्यंत चालत जाता येतं. सकाळी पाणी पार झाडांच्या मुळांशी होतं. जेवून आम्ही सावलीत आडवे झालो. दुपारी यांनी मला गदागदा हलवलं.

"ऊठ व! पानी फोडलं कोनी तरी!"

बघते तर खरंच, समुद्र लांब गेलेला आणि मध्ये नुसते ओले खडक.

हसू नका. आमच्याकडे धानाच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी सकाळी नाहीसं झालं, तर रात्री कोणी तरी मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून ते आपल्या बांधीत घेतलं, असाच अर्थ होतो. शेजारच्या केशोरावांशी यांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं, ते यावरूनच. बिचारे शपथेवर सांगत होते, मी नाही फोडला म्हणून.

"बाबा, ओहोटी आहे," रोशन म्हणाला. "पानी आपल्या मनानं जाते, आपल्या मनानं येते."

"मले नोको शिकवू. फोडल्याबिगर पानी जात नाही."

पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून हे धुरा शोधायला निघाले. लोक दुरून दुरून जिचे फोटो काढायला येतात, त्या कमानीखालून गेले आणि मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नजर सगळी खाली, हात खडकांच्या फटींत. एका बंगाली बाईने विचारलं, "भैया, कुछ खो गया?"

"पानी," हे म्हणाले.

संध्याकाळ होत आली तसं पाणी यांच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. हे मागे सरत सरत माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"रोशनची माय, कोनी फोडलं नाही अन् कोनी भरलंबी नाही."

"नाही."

"हे आपल्याकडं नाही."

जिंकले! नाचावंसं वाटलं. पण यांचा चेहरा पार उतरला होता.

"खडकाखाली खेकड्याचे भोकंच भोकं हायेत," हे हळूच म्हणाले. "आपल्या धुऱ्यातबी रायतेत. पानी त्यातूनच गेलं असन. केशोराव तवा खरंच बोलत असन का व?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला यांची कीव आली. मी यांचा ओला हात धरला आणि पैजेचं नाव काढलं नाही.

केशोरीला उतरल्यावर हे घरी गेलेच नाहीत. पिशवीतला अंदमानचा नारळ काढून तडक केशोरावांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. मी मागे, जीव मुठीत धरून. केशोरावांनी नारळ हातात घेतला, कानाशी हलवला, उलटासुलटा केला. अकरा वर्षांनी तोंड उघडलं.

"नारळ तं गोंदियालेबी भेटते."

हे ओट्यावर बसले, ते चहा होईपर्यंत उठले नाहीत.