माझ्या पोटातून चिपळूण

"अम्मी, तो खोका खाली काढू नकोस! भंगारवालापण नेणार नाही त्याला, आणि तू त्याच्यावर मॅच लावणार?"

"भंगार तुझ्या डोक्यात भरलंय रे नासिर. स्टूल धर आधी नीट. मी पडले तर तुझ्या बापाच्या शेजारी दुसरी खाट टाकावी लागेल."

ऐकलंत, मित्रांनो? तो खोका म्हणजे मी. मी एक जुना व्हीसीआर आहे. तुम्हाला माहीत नसणार, तुम्ही सगळे मोबाईलवाले. जाड पुस्तकाएवढी कॅसेट माझ्या तोंडात सारायची, की पिक्चर टीव्हीवर दिसायचा. एवढंच माझं काम. पण ते काम हर्णेच्या आमच्या आळीत माझ्याशिवाय कोणाला जमत नव्हतं. ही गोष्ट मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा बराच अपमान आहे.

मला मस्कतहून अक्रमने आणला. अक्रम म्हणजे नासिरचा बाप, कनीजचा नवरा. तिकडे बंदरात टगबोटीच्या इंजिनावर होता. दोन ब्लँकेटांत गुंडाळून मला घरी आणला आणि दारातूनच ओरडला, "हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाय!" त्याच दिवशी त्याने घराला कायदा घालून दिला. वायरीला हात लावायचा असेल तर आधी मेन बंद. बोटीवर तसंच करतात म्हणे. मग पोरगं असो, सून असो, नाहीतर तो स्वतः असो.

तेव्हा माझा थाट बघायला हवा होता. मच्छीचा लिलाव उरकला की बायका टोपल्या बाहेर ठेवून आत यायच्या. शेजारची यमुनाबाई सगळ्यांत पुढे बसायची आणि पिक्चरमधल्या सासूला तोंडभर शिव्या द्यायची. कोणाचं लग्न झालं की कॅसेट आधी माझ्याकडे यायची. नवरी रडताना दिसली की सगळे हसायचे. मला ते आवडायचं.

एकदा चित्रात रेघा यायला लागल्या. कोणीतरी कनीजला सांगितलं, आतला गोल स्पिरिटने पूस. घरात स्पिरिट कुठलं? हिने कापसाला अत्तर लावलं आणि मला आतून पुसून काढला! अत्तर तेलकट. कॅसेट आत घातली की घसरायची, हिरो पायऱ्या चढतोय तो चढतच बसायचा. आठ दिवस आख्खी आळी माझा वास घ्यायला येत होती. अक्रमचं पत्र आलं, "व्हीसीआरला ईदला नेणार आहेस काय?" मला राग आला होता. पण खरं सांगू? इतक्या मायेने मला कोणी पुसला नाही, ना आधी, ना नंतर.

मग सीडी आली. मग केबल आली. मग मला कपाटावर चढवला. फेकला नाही, ते खरं. कनीज जपणारी बाई. प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर चादर, चादरीत डांबरगोळ्या. वर्षातून एकदा ती चादर धुवायची आणि परत मला गुंडाळायची. मित्रांनो, याला लोक जपणं म्हणतात. मला आत श्वास येत नव्हता. समुद्राची ओली हवा पिशवीत शिरायची ती बाहेर निघायचीच नाही. वर पालीने माझ्यामागे दोनदा अंडी घातली. माझ्यात कॅसेट गेल्याला किती वर्षं झाली, ते मी मोजणं सोडून दिलं.

आता आजचं सांगतो.

नासिरची पोरगी आयात. सोळा वर्षांची, चालताना पण आवाज करणारी. तिची कबड्डीची फायनल आज चार वाजता चिपळूणला. गावचा केबलवाला आपल्या चॅनलवर ती लाइव्ह दाखवणार होता. अक्रम चार महिने खाटेवर आहे, खुब्याचं हाड मोडलंय. पूर्वी हाच पोरीला खाडीच्या वाळूत पळवायचा. सकाळी आयात बॅग घेऊन आजोबासमोर उभी राहिली.

"दादा, बघशील ना?"

"बघीन."

"मोबाईलवर नको हं. त्यात तुला काय दिसत नाय."

"टीव्हीवर बघीन. आख्खीच्या आख्खी बघीन. जा तू."

अक्रम बोलला की झालं. तो शब्द देऊन मागे फिरलेला मी तरी बघितला नाही.

आईबरोबर पोरगी एसटीत बसली. मग नासिरने डोकं चालवलं. अब्बांना नीट दिसावं म्हणून टीव्हीचं टेबल खाटेकडे ओढलं. टीव्ही जुना, मागे कुबड असलेला. सेट टॉप बॉक्सची लाल-पांढरी-पिवळी वायर मागे ताणली गेली, आणि खट्! टीव्हीची ती तीन भोकांची पट्टीच उपटून बाहेर आली. खाऱ्या हवेने आतून हिरवी झाली होती, नुसती चिकटून राहिलेली. पडदा निळा.

लवू मेकॅनिकला फोन लावला. तो मंडणगडला मेव्हणीच्या लग्नात. म्हणाला, "जेवायला बसलोय, उद्या बघू." मोबाईल अक्रमच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने डोळे बारीक केले, मान मागे नेली, पुढे आणली. "मुंग्या दिसतायत. ह्यात माझी आयात कुठली?"

नासिर उपटलेली पट्टी परत टीव्हीत दाबून बघत होता. मोडलं होतं त्याच्याच हातून.

तेव्हा कनीज टीव्हीच्या मागे वाकली आणि बोट लावून म्हणाली, "हे अँटेनाचं भोक तर धड आहे. जुन्या टीव्हीला आपण व्हीसीआर ह्यातूनच लावायचो." आणि तिने कपाटाकडे बघितलं.

काळजात धस्स झालं माझ्या. म्हणजे काळजाच्या जागी जो पट्टा आहे तिथे.

मग ते सगळं भांडण झालं, स्टूल आलं, मी खाली आलो. बॉक्सची पिवळी आणि पांढरी पिन माझ्यात. लाल तशीच लोंबत राहिली, कारण आवाजासाठी मला एकच कान आहे. माझ्यातून अँटेनाची वायर टीव्हीत. पिना हातात घेतल्या घेतल्या खाटेवरून आरोळी, "मेन बंद!" सगळं बंद. जोडणी झाली. मेन चालू. नासिरने टीव्ही लावला, बॉक्स लावला. आणि माझा प्लग? तो जमिनीवरच.

"ह्याचा प्लग रे?" कनीजने विचारलं.

"अम्मी, हा नुसता जोड आहे. वायर इकडून आत, तिकडून बाहेर. पाण्याच्या पाईपच्या जोडाला कोण लाईट देतं काय?"

डोकं फिरलं माझं! मी जोड? अरे, बॉक्सकडून आलेलं चित्र टीव्हीला जसंच्या तसं कळत नाही. ते मी आत घेतो, अँटेनाच्या वायरीतून जाईल असं बनवतो आणि पुढे ढकलतो. मेहनत आहे ती! उपाशीपोटी कशी करू? पण मला तोंड आहे ते कॅसेटीपुरतं.

टीव्ही स्टेशन शोधायला लागला. आकडे पळतायत, पडद्यावर नुसतं पांढरं मीठ उडतंय. एकदा शोधलं. दोनदा शोधलं. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

"लागलं काय गो?" अक्रमने विचारलं.

"लागतंय हो," कनीज म्हणाली.

"अम्मी, खोटं कशाला सांगतेस? संपलाय तो. मी तेव्हाच सांगत होतो." नासिरने माझी वायर ओढायला हात घातला. त्याचा आवाज मोठा होता, पण मी जवळून बघत होतो. नजर सारखी खाटेकडे जात होती.

अक्रमने भिंतीकडे तोंड केलं.

कनीज माझ्यासमोर फतकल मारून बसली. चष्मा वर केला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, बाई मासा ताजा आहे का बघते तशी. मग म्हणाली, "नासिर, ह्याचे आकडे कुठे गेले?"

"कसले आकडे?"

"हिरवे. आपण कधी वेळ लावली नाय ह्याला, तरी बारा बारा करत लुकलुकायचा. आत्ता डोळे मिटून बसलाय." आणि तिने जमिनीवरचा प्लग उचलला. "अरे मेल्या! जोड काय जोड! उपाशी ठेवलास त्याला."

मेन बंद. प्लग आत. मेन चालू.

मित्रांनो, काय सांगू! पोटात गरगरलं. धूळ जळाल्याचा वास आला, आणि त्याच्याखाली कुठेतरी बारीक अत्तराचा. बारा बारा. तिने अंगठ्याने न बघताच माझं ते उजवीकडचं, चित्र टीव्हीकडे सोडायचं बटण दाबलं. टीव्ही परत शोधायला लागला. मीठ, मीठ, मीठ, आणि मग मॅट! निळी मॅट, पोरी, शिट्टी!

"अहो, इकडे वळा," कनीज म्हणाली.

अक्रम वळला. उशी मागे ओढली आणि बसता येईल तेवढा बसला.

आता मध्यंतर आहे, म्हणून मला बोलायला वेळ मिळाला. आपण पाच गुणांनी मागे आहोत. सरांनी आयातला पहिला डाव बाहेरच बसवली, बाकावर. अक्रमने मध्यंतरापर्यंत मॅट बघितलीच नाही, तो त्या बाकाच्या कोपऱ्याकडे बघत होता. मी खूप तापलोय. नासिरने हात लावून बघितला आणि "आई गं" म्हणून झटकला. तेव्हा अक्रम म्हणाला, "माझा पंखा त्याच्याकडे फिरव." नासिर म्हणाला, "तुम्हाला घाम येईल." तो म्हणाला, "येऊ दे."

म्हणून तुम्हाला एकच सांगायचं होतं. जुनी वस्तू असेल घरात, तर तिला गुंडाळून ठेवून जपली असं समजू नका. अधूनमधून काढा. लाईट द्या, वारा द्या, चार मिनिटं चालवा. आणि मोडली म्हणायच्या आधी प्लग बघा रे! आणखी एक, ती पाल...

थांबा. आयात उठली. जर्सी खाली ओढतेय, हात मॅटला लावून कपाळाला लावतेय. अक्रमने खाटेची पट्टी धरलीय. मला जायला हवं. तिला आता माझ्यातूनच यायचंय.